पोटाच्या गोळ्या अन आपले बिबडे

संपादक साहेब नमस्कार,

मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी, वजन ९४ किलो, शुगर बॉर्डरवर. तुमच्या पेपरात आरोग्याच्या सदराला अगदी खेटून पोट कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात येते म्हणून लिहितोय. जाहिरात वाचून मी पण १४०० रुपयाचा डबा आणला, क्रोमियम झिंक सेलेनियम सगळं एकात. शेजारची म्हातारी म्हणे, "गोया खाईसन पोट उतरस का भाऊ?" तीन महिन्यात उतरलं एक किलो, ते पण कापूस वेचणीच्या धावपळीत उतरलं असेल.

मग डॉक्टरांना डबा दाखवला तर ते हसलेच. स्वादुपिंडात इन्सुलिन साठवलं जातं ते झिंकला धरूनच, म्हणून झिंक कमी पडू नये हे खरं, पण पुरेसं असताना वरून ओतलं तर चरबी वितळत नाही. क्रोमियमने झालाच तर सरासरी किलोभराचा फरक, तोही कच्चा पुरावा. आणि सेलेनियमचं तर उलटंच, अमेरिकेत रोज २०० मायक्रोग्रॅम देऊन बरीच वर्षं पाहिलं तर गोळी घेणाऱ्यांतच डायबेटीस जास्त निघाला, हे २००७ साली छापून आलंय. मी तर शुगरसाठीच घेत होतो ना राव!

खरी गोष्ट घरातच निघाली. बायको माझ्यासारखीच जाड, सगळे म्हणायचे हिला काय रक्त कमी असणार, तपासलं तर हिमोग्लोबिन ९. डॉक्टर म्हणे वजन वाढलं की अंगात बारीक सूज राहते, मग लिव्हर हेपसिडिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं आणि ते जेवणातलं लोह आतड्यातच अडवतं. त्यात आमच्याकडे भाकरीसोबत चहा, म्हणजे उरलंसुरलं पण गेलं. आता चहा दोन तास उशिरा आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीसोबत ठेचा, त्यावर लोह अंगी लागावं म्हणून लिंबू पिळून.

धान्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते झिंक अन लोहाला धरून ठेवतं, आंबवलं किंवा मोड आणले की ते कमी होतं. आई बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी भिजवून आंबवायची तेव्हा त्या आंबट वासाने आम्ही नाकं मुरडायचो, आता तेच कळून खातोय (तळून नाही, भाजून).

तर साहेब, जाहिरात छापा, पोटापाण्याचा प्रश्न आहे, पण सदराच्या शेजारी नको, अन वर "जाहिरात" हा शब्द जरा मोठ्या अक्षरात टाका, माझ्या चष्म्याला तो दिसलाच नव्हता.

- एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव