अंधारात दात घासा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या गावातली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली. पारा ४५ वर. हातपंखा शोधायला म्हणून माळ्यावरची आजीची पत्र्याची पेटी खाली घेतली. पंख्याची उंदरांनी पार झालर करून टाकली होती, पण पेटीच्या तळाशी अंथरलेले पेपर धड निघाले. नोव्हेंबर १९७३ ते जानेवारी १९७४. जवळजवळ प्रत्येक पानावर एकच रडगाणं, इंधनटंचाई. वीज चौथ्या दिवशी आली, तोवर मी ते सगळे वाचून काढले.

दुसऱ्यांदा, म्हणायला हवं. कारण तेव्हा हेच पेपर मी ओट्यावर बसून आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. सहावीत होतो. पेपर अमळनेरहून संध्याकाळच्या एस.टी.नं यायचा, तोही आदल्या दिवशीचा. घरात वीज नव्हतीच (ती आली १९७८ साली), त्यामुळे जगाचं ऊर्जासंकट आम्ही कंदिलाच्या उजेडात वाचत होतो. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरबांनी तेल आखडलं, आणि तीन डॉलरच्या आसपासचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. आजोबांना डॉलर कळत नव्हता, पण बहात्तरच्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाऊन नुकतेच सावरलेले असल्यानं तिपटी-चौपटीचा अर्थ बरोबर कळत होता.

पंतप्रधान इंदिरा गांधी पेट्रोल वाचवायला घोड्याच्या बग्गीतून निघाल्या. मग १२ नोव्हेंबरला जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ चक्क बैलगाडीतून संसदेत पोचले. ही बातमी आजोबांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. बैलगाडीत बसणं हा निषेध असतो, हे त्यांना नवीन होतं. म्हणाले, ‘‘मंग आम्ही काय रोज मोर्चाच काढतस?’’

नेदरलँड्समध्ये रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी झाली आणि मोकळ्या रस्त्यांवर माणसं सायकली घेऊन उतरली. आमच्या गावच्या रस्त्याला सातही वार रविवारच होता.

जपानची बातमी मात्र मी बिघडवली. तेलाबरोबर कागदही संपणार, या अफवेनं तिथल्या बायका टॉयलेट पेपरसाठी दुकानांवर तुटून पडल्या होत्या. हा पेपर कसला असतो, हे आमच्या गावात कुणाला ठाऊक? मी ते जपानी वर्तमानपत्राचं नाव समजलो आणि आजोबांना तसंच सांगितलं. ते थक्क झाले. ‘‘पेपरसाठे इतली गर्दी? शिकेल लोके शेतस!’’ पुढे कित्येक वर्षं ते पारावर जपान्यांचं उदाहरण द्यायचे. बी.एड.ला असताना मला खरं कळलं, पण तोवर आजोबा नव्हते. त्यामुळे ती दुरुस्ती आजच छापली जाते आहे.

सगळ्यात कहर ब्रिटनमध्ये. कोळसा कामगारांचं आंदोलन, वर तेलाची टंचाई, म्हणून जानेवारीपासून कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज. त्यात ऊर्जामंत्री पॅट्रिक जेनकिन यांनी जनतेला सल्ला दिला की, अंधारात दात घासा. आजी चुलीपाशी बसून तळहातावर मिशरी मळत होती, अर्थात अंधारातच. ती एवढंच म्हणाली, ‘‘हाई सांगाले मंत्री लागस?’’ पुढचा मजकूर कसरीनं खाल्लाय, पण नंतर वाचनात आलं ते असं की, या मंत्रिमहोदयांच्याच घरचे दिवे लख्ख पेटलेले असल्याचा फोटो पेपरवाल्यांनी छापला होता. तुमच्या व्यवसायाबद्दल मला जो काही आदर आहे, त्यात या फोटोचा वाटा मोठा.

तेव्हापासून एक बघतो आहे. बचतीचा उपदेश नेहमी उजेडातून निघतो आणि अंधारात येऊन पोचतो. जुलै २०१२ मध्ये उत्तरेकडचं वीज-ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळलं, दुसऱ्या दिवशी पूर्वेचं आणि ईशान्येचंही, साठ कोटींहून जास्त माणसं विजेविना. दुसऱ्या दिवशी, ३१ तारखेला, दिल्लीहून भाच्याचा घाबराघुबरा फोन, ‘‘मामा, इथे दुपारपासून लाइट नाही!’’ मी म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे याला मंगळवार म्हणतात. भुसावळजवळ दीपनगरच्या चिमण्या वीज करतात, आणि त्याच जिल्ह्यातला आमचा शेतकरी मोटार चालू करायला रात्री दोनला बॅटरी घेऊन, साप चुकवत शेतात जातो.

परवा डीपी जळून तिसरा दिवस होता. मोबाइलमध्ये सहा टक्के जीव उरलेला. तेवढ्यात टिंग वाजलं. संदेश होता, ‘गरज नसताना दिवे बंद ठेवा.’ तो वाचेपर्यंत पाच टक्के झाले.

ही डीपीही नवी नाही, कुठून तरी काढून आणलेली आहे आणि आतापासूनच गुरगुरते. पत्र हातानं लिहून ठेवलंय. नातू टाइप करून पाठवील, पण त्याच्या संगणकाला वीज कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून तारीख घातलेली नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. अमळनेर