वहिनीस पत्र: माजी सैनिकाला दवाखान्यात काय विचारायचं

बर्मिंगहॅम,
12 जानेवारी

ती. वहिनी,
सा. न. वि. वि.

पॉलिक्लिनिकमधल्या नव्या स्टाफला माजी सैनिकांशी आणि त्यांच्या घरच्यांशी कसं वागायचं ते शिकवायचं काम तुमच्याकडे आलं आहे, आणि ‘तिकडे कसं शिकवतात ते सविस्तर लिही’ असं तुम्ही कळवलंत. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी दोन्हीकडचा एक फरक सांगते. तुमच्या दारातून आत येणारा माणूस फौजी आहे की फौजीच्या घरचा, ते ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावरूनच कळतं. इथे तसं नाही. ब्रिटनमध्ये आता वेगळी लष्करी रुग्णालयं उरलेली नाहीत. नोकरीत असेपर्यंत सैनिकाला लष्कराचे डॉक्टर बघतात. सुटून आला की चारचौघांसारखं एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव घालायचं. लष्करातले कागद आपोआप मागे येत नाहीत. सुटताना ‘एफमेड 133’ नावाचा एक फॉर्म हातात मिळतो, त्यात तब्येतीचा थोडक्यात इतिहास असतो. तो जीपीला दाखवायचा आणि त्यावरून पूर्ण रेकॉर्ड मागवायचं. फॉर्म ट्रंकेत राहिला, तर गुडघ्याचं जुनं ऑपरेशन किंवा स्फोटानंतर आलेली बेशुद्धी डॉक्टरला कळायला मार्गच नसतो. 2021 च्या जनगणनेत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये साडेअठरा लाख माजी सैनिक निघाले. तोवर यांतल्या कितीतरी जणांच्या केसपेपरवर त्याचा उल्लेखही नव्हता.

म्हणून इथलं शिक्षण डॉक्टरपासून नाही, रिसेप्शनपासून सुरू होतं, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं. काउंटरवर विचारायचा प्रश्न एकच: ‘तुम्ही कधी सैन्यात नोकरी केली आहे का?’ ‘तुम्ही व्हेटरन, म्हणजे माजी सैनिक, आहात का?’ असं विचारायचं नाही. ब्रिटनमध्ये एक दिवस पगारी सेवा केलेला माणूससुद्धा व्हेटरन धरला जातो, रिझर्व्हमधलाही. पण लोकांच्या मनात व्हेटरन म्हणजे छातीवर मेडल लावलेला म्हातारा. मग तिशीतला मुलगा ‘नाही’ म्हणतो, ट्रेनिंगमध्येच पाय मोडून घरी आलेला ‘नाही’ म्हणतो, आणि बाया तर हमखास ‘नाही’ म्हणतात. माजी सैनिकांत त्या 13.6 टक्के आहेत, तरी काउंटरवरचा माणूस बाईला विचारतच नाही, तिच्या नवऱ्याला विचारतो.

‘हो’ आल्यावर लगेच का विचारलं ते सांगायचं, नोंद करायला परवानगी घ्यायची आणि संगणकात ठरलेला कोड टाकायचा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. कुणी कोडऐवजी ‘एक्स आर्मी’ असं मोकळं टाइप करतं, मग यादी काढताना ते नाव येत नाही. कुणी बायकोच्या नावावरच नवऱ्याचा कोड टाकतं, खरं तर कुटुंबीयांसाठी वेगळा कोड आहे. आणि परवानगीचं म्हणाल, तर ती उगाच नाही. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षामुळे तिथे 1969 ते 2007 या काळात ड्यूटी केलेल्यांना आपली ओळख उघड होण्याची अजून भीती वाटते. चार लोकांत मोठ्यानं विचारलं की ते खोटं बोलतात, आणि पुन्हा त्या दवाखान्यात येत नाहीत.

एनएचएस इंग्लंड आणि जीपींचं रॉयल कॉलेज मिळून दवाखान्यांना ‘व्हेटरन फ्रेंडली’ अशी मान्यता देतात, तीन वर्षांसाठी. अट अशी की नोंद करायची आणि एका डॉक्टरनं किंवा नर्सनं या कामाची जबाबदारी घेऊन त्याचं शिक्षण पूर्ण करायचं. योजना चांगली आहे. पण सगळं त्या एका माणसापाशी राहिलं आणि त्याची बदली झाली, की भिंतीवर बोर्ड तेवढा उरतो. तुम्ही पहिल्यापासून दोघींना तयार करा, आणि त्यांतली एक केसपेपर काढणारी असू दे.

आता कानाविषयी, कारण हे कुणी शिकवतच नाही. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाच्या जास्त जवळ येतो, उजव्या कानाला डोक्याचा आडोसा मिळतो. त्यामुळे डावा कान आधी जातो. ऐकण्याची तपासणी केली तर 4000 हर्ट्झच्या आसपास आलेखात खड्डा दिसतो. माणसाला आवाज येतो, पण ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखे अक्षरांचे बारीक आवाज निसटतात. ‘सात दिवस’ आणि ‘आठ दिवस’ यांत गल्लत होते. नर्स पाठमोरी राहून नाव पुकारते, तो उठत नाही, पुढचा नंबर घेतला जातो आणि त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ पडतं. मग तो चिडतो, आणि ‘फौजी आहे, तापटच असणार’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. उपाय साधा आहे: समोर जायचं, चेहरा दिसू द्यायचा, ओरडायचं नाही, आणि गोळ्यांचा हिशेब कागदावर लिहून द्यायचा.

मनाचं दुखणं घेऊन सहसा कुणी येत नाही. येतात ते पाठ दुखते म्हणून, झोप नाही म्हणून, पोटात जळजळतं म्हणून. अशा वेळी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी वापरतात, उत्तर हो किंवा नाही. भयंकर प्रसंग कधी वाट्याला आला होता का, एवढं आधी विचारायचं, तपशील विचारायचे नाहीत. मग गेल्या महिन्याभरातलं: त्याची स्वप्नं पडतात का किंवा नको असताना ते आठवतं का, त्याची आठवण टाळण्यासाठी धडपड होते का, सतत सावध राहावं लागतं किंवा दचकायला होतं का, माणसांपासून तुटल्यासारखं वाटतं का, स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष दिला जातो का. तीन-चार ‘हो’ आले तर पुढे पाठवायचं. हे निदान नव्हे, फक्त चाळण आहे. दारूचेही तीन ठरलेले प्रश्न आहेत; ‘पिता का?’ एवढंच विचारलं तर ‘कधीतरी’ हेच उत्तर येतं. ‘किती माणसं मारली?’ हा प्रश्न मात्र कुणाच्याही तोंडून येता कामा नये, थट्टेतसुद्धा नाही.

आणि जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ, त्याच शब्दांत विचारायला शिकवा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरात औषधं, कीटकनाशक, बंदूक काय आहे ते विचारायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरसमोर बसवायचं. नव्या मुली इथेच अडखळतात. तिघी-तिघींचे गट करा: एक विचारेल, एक उत्तर देईल, एक नुसतं बघेल. शब्द तोंडात बसेपर्यंत आळीपाळीनं म्हणून घ्या.

पुढे कुठे पाठवायचं, हे इथे ठरलेलं आहे. मनाच्या आजारासाठी ‘ऑप करेज’, 2021 पासून. तिथे माणूस स्वतः जाऊ शकतो, बायकोही फोन करू शकते. सैन्यात झालेल्या शारीरिक इजांसाठी ‘ऑप रिस्टोअर’, पण त्याला जीपीचीच चिठ्ठी लागते. हा फरक माहीत नसला की पेशंटचे हेलपाटे होतात. काउंटरवरून ‘तुमचा नंबर आधी लागेल’ असंही सांगून बसतात. तसं नाही. दुखणं सैन्यातल्या नोकरीमुळेच असेल, आणि दुसऱ्या कुणाची निकड जास्त नसेल, तरच अग्रक्रम. खोटं आश्वासन दिलं की विश्वास एका दिवसात जातो.

घरच्यांचं इथेही मागे पडतं, म्हणून तुम्ही त्यांना शेवटी ठेवू नका. बायकोला एकटीला, वेगळ्या खोलीत विचारा: झोप लागते का, घरात भीती वाटते का, पोरं बापाला बघून गप्प होतात का. नवरा शेजारी असताना उत्तर ‘सगळं ठीक’ हेच येणार. दुभाषाचं काम पोरांना कधीही सांगू नका. इथे ब्रिटिश फौजेत असलेल्या नेपाळी गुरख्यांच्या घरांत ही चूक होते. बापाचं दुखणं बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून डॉक्टरला कळतं, आणि निम्मं ती गिळून टाकते.

तिथे टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 हा नंबर केसपेपरच्या मागे छापून घ्या आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर त्याच्याखाली. हातात कागद असला की माणूस रात्री तरी फोन करतो.

पाच प्रश्नांचं मराठी नीट करून पुढच्या पत्रात पाठवते. तुम्ही दोघा-तिघा जुन्या हवालदारांना ते वाचून दाखवा आणि कुठला शब्द खटकतो ते कळवा. आणि दादाचा डावा कान या महिन्यात तपासून घ्याच. फोन तो नेहमी उजव्या कानाला लावतो.

तुमची,
नणंद