तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं

डेट्रॉइट, रविवार

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकिटाची प्रिंट काढून बाबा दोन दिवस भिंग घेऊन बसलेत, असं आई सांगत होती. परवा फोनवर आवाज तुटत होता, म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, तुमचं म्हणणं असं की मुंबईहून निघणारं विमान एका कंपनीचं, नंबर दुसरीचा, आणि दोघींकडे भाव विचारला तर तोच. "इतवारीत दोन व्यापाऱ्यांनी असं केलं तर संगनमत म्हणतात, मग यांना कोणी विचारत काहून नाही?"

विचारतात, पण आधी. अमेरिकेत संगनमताविरुद्धचा कायदा 1890 पासून आहे, पण परदेशी मार्गांपुरती विमान कंपन्यांना त्यातून सूट द्यायचा अधिकार परिवहन खात्याला आहे. ती मिळाली की दर, वेळापत्रक, फेऱ्या सगळं एकत्र बसून ठरवता येतं. अमेरिकेच्या नॉर्थवेस्ट आणि नेदरलँड्सच्या केएलएम या विमान कंपन्यांना ती जानेवारी 1993 मध्ये मिळाली, तीसुद्धा आदल्या वर्षी नेदरलँड्सने अमेरिकेशी खुल्या आकाशाचा, म्हणजे एकमेकांच्या विमानांना मोकळेपणी येऊ-जाऊ देण्याचा, करार केल्यावर. नॉर्थवेस्टचा तेव्हाचा मोठा अड्डा म्हणजे आमचं हेच डेट्रॉइट.

यात फायदा काय, ते आजोबांच्या सोनेगाव विमानतळावरच्या रात्रपाळीवरून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून रात्री निघालेली विमानं नागपुरात भेटायची. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल झाली की उजाडायच्या आत जो तो माघारी. एकाने उशीर केला की बाकीचे तिघं खोळंबणार. तिथे वेळा एकत्र ठरवण्यावाचून इलाजच नव्हता. पैशाचंही तसंच. प्रवासाचे दोन तुकडे दोघांनी वेगवेगळे विकले तर दोघंही आपापला नफा चढवतात. एका हाताने विकलं तर जोडतिकीट स्वस्त पडू शकतं.

गोची होते ती दोघंही एकाच थेट मार्गावर उडत असतात तेव्हा. तिथे जोडायचं काही नसतं, फक्त स्पर्धक संपतो. म्हणून 1996 मध्ये युनायटेड आणि लुफ्तान्साला सूट देताना शिकागो-फ्रँकफर्ट आणि वॉशिंग्टन-फ्रँकफर्ट हे मार्ग वगळले होते. अमेरिकन एअरलाइन्स आणि ब्रिटिश एअरवेजला तर 2010 पर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही लंडनच्या हीथ्रोवर उतरण्या-उडण्याच्या काही वेळा प्रतिस्पर्ध्यांसाठी मोकळ्या करायच्या अटीवर. मला ऑस्ट्रेलियाची पद्धत जास्त पटते. क्वांटास आणि एमिरेट्सला तिथल्या स्पर्धा आयोगाने 2013 मध्ये परवानगी दिली ती पाच वर्षांपुरती. मुदत संपली की पुन्हा दारात उभं राहायचं! अमेरिकेत बऱ्याच सवलती बिनमुदतीच्या दिल्या गेल्या, आणि एकदा दिलेलं परत घ्यायचं म्हटलं की वकिलांची चांदी.

आपल्याकडेही दार आहे. 2002 च्या स्पर्धा कायद्याचं कलम 3 संगनमताला मनाई करतं, आणि कलम 54 नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून सूट देऊ शकतं. मालवाहू जहाज कंपन्यांना जहाजातली जागा वाटून घेण्यासाठी 2013 पासून अशी सूट दिली गेली. न विचारता ठरवलं तर काय होतं तेही आपण पाहिलंय. मालाच्या भाड्यावर इंधनाच्या नावाने लावलेल्या जादा आकाराबद्दल स्पर्धा आयोगाने 2015 मध्ये तीन विमान कंपन्यांना मिळून सुमारे 258 कोटींचा दंड ठोठावला. अपील झालं, फेरसुनावणी झाली, आणि 2018 मध्ये तो सुमारे 54 कोटींवर आला.

तेव्हा बाबा, तुमची शंका रास्त आहे. आपल्या तिकिटात आपला फायदा झाला की त्यांचा, हे मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. थेट मार्गावर दोघांना एक होऊ द्यायला मात्र माझा विरोधच आहे. पण म्हणून तिकीट रद्द करू नका!

मुंबईला तिकिटावरचा नंबर ज्या कंपनीचा, तिचं काउंटर शोधत फिरू नका. खाली बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय' लिहिलंय, त्यापुढच्या नावाच्या काउंटरवर जायचं. व्हीलचेअर दोघांसाठी सांगितली आहे, आईने नको म्हणू नये. ॲमस्टरडॅमला बॅगांकडे बघायचंही नाही, त्या इथेच घ्यायच्या. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. लोणच्याची बरणी मात्र मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. मागच्या वेळी बाबांचे सगळे सदरे पिवळे झाले होते.

तुमची,
चिमी