सूचना : विज्ञानकथा व अद्भुतकथा वाचन-बैठक

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या वाचनकक्षात होणारी बैठक अलीकडे वाचलेल्या विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठी राखून ठेवली आहे.

प्रत्येकाने एकाच पुस्तकाविषयी बोलावे. कथानक सांगत बसण्यापेक्षा लेखकाने गृहीत धरलेली कल्पना पुढे कशी नेली आहे, म्हणजे प्रकाशाहून वेगवान प्रवास शक्य मानला असेल तर त्याचे परिणाम पात्रांच्या जगण्यात उतरले आहेत का, किंवा जादू असेल तर ती वापरणाऱ्याला काही किंमत मोजावी लागते का, हे सांगितल्यास ऐकणाऱ्यांच्या हाती अधिक लागेल. शेवट मात्र कोणीही फोडू नये, ही आग्रहाची विनंती.

मराठी पुस्तकांना प्राधान्य राहील, अनुवादही चालतील. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवून पहिले पारितोषिक मिळवणारे डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. त्यानंतर ज्यांनी त्यांच्या कथा पुन्हा काढून वाचल्या असतील, त्यांचे पुनर्वाचनही अलीकडचेच धरले जाईल. अद्भुतकथा म्हणजे मुलांचे वाचन, असा ज्यांचा समज आहे, त्यांनी तर आवर्जून यावे.

एकाच पुस्तकावर दोघांनी बोलण्याचा प्रसंग येऊ नये, यासाठी पुस्तकाचे व लेखकाचे नाव आधीच्या गुरुवारपर्यंत कळवावे.

— चिटणीस