उशिरा पेरलेलं सोयाबीन खुजं का राहतं?

महोदय,
आमच्या औसा भागात पेरणी जुलैच्या मध्यावर गेली की सोयाबीन गुडघ्याला लागायच्या आतच फुलतं आणि दोष बियाण्याच्या बॅगेला मिळतो. (कधी कधी तो खराही असतो!) पण हे मुळात लहान दिवसाचं पीक. रात्र वाढू लागली की ते फुलावर येतं; आपण उशिरा पेरलं म्हणून थांबत नाही. वाढीला दिवस कमी, म्हणून खोडावरची पेरे कमी, शेंगाही कमी.

चीन-जपानकडचा त्याचा रानटी भाऊबंद वेलीसारखा चढतो, बारीक काळं बी धरतो आणि वाळल्या शेंगा तडकवून ते उडवतो. माणसानं निवड करकरून ती खोड बरीच मोडली, तरी काढणी लांबली की आपल्याही रानात तडतड ऐकू येतेच.

फूल बहुधा स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे परभणीच्या विद्यापीठाच्या एमएयूएस ७१ सारख्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बी घरी राखता येतं. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळावेत. ७० उगवले तर बॅग कशाला? मळणीयंत्र तेवढं कमी फेऱ्यांवर चालवावं, दाण्याचं टरफल नाजूक असतं.

आपल्या शेतीच्या पानावर बाजारभावाशेजारी कोणत्या तारखेपर्यंत कोणता वाण पेरावा, तेही छापावं.

– एक शेतकरी, औसा (जि. लातूर)