वर जाण्याआधी

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू इतकी खूश होतीस की दम्याचा विषय काढवेना. या पत्रातही काढायचा नाही, असं ठरवूनच बसलोय.

तू सांगितलेलं सगळं मी रात्री पुन्हा वहीत लिहून काढलं. जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका. विश्व ३० कोटी वर्षांचंही झालं नव्हतं, तेव्हाची. तिचा प्रकाश १३४० कोटी वर्षं चालत आला. वाटेत विश्व पसरत गेलं, लहरी ताणल्या गेल्या, मूळचा अतिनील प्रकाश वेब दुर्बिणीला अवरक्त दिसला. आणि २०२५ मध्ये आल्माने, तुमच्या त्या रेडिओ दुर्बिणींच्या ताफ्याने, तिच्यात चक्क ऑक्सिजन शोधला! ऑक्सिजन बनतो ताऱ्यांच्या पोटात, म्हणजे त्याआधीच मोठमोठे तारे जन्मले, जळले आणि फुटूनही गेले. इतक्या लवकर? हे तू एका दमात सांगितलंस. फोन ठेवल्यावर मी आईला ते दोनदा ऐकवलं.

पण मनू, चिलीच्या आटाकामा वाळवंटातलं आल्माचं ते पठार ५००० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब इथल्या निम्मा. काम खाली २९०० मीटरवरच असतं, वर 'फक्त एकदा' अँटेना बघायला जायचंय, म्हणालीस. काकांच्या गच्चीच्या कठड्यावरही तू फक्त एकदाच चढणार होतीस.

२०२२ मध्ये एक दीर्घिका अतिदूरची वाटली आणि वर्णपट, म्हणजे तिच्या प्रकाशाची रंगांनुसार फोड, घेतल्यावर बरीच जवळची, धुळीने लाल दिसणारी निघाली, हे तूच सांगितलं होतंस ना? वर्णपटाशिवाय अंतर छापायचं नाही, हा तुझा हट्ट. मग स्वतःच्या छातीचं मात्र 'आता बरी आहे' एवढ्यावर कसं भागतं? जाण्याआधी तपासून घे. पंप सामानात नको, खिशात ठेव.

बघ, लागलो उपदेश करायला. राग मानू नकोस.

तिसरीत होतीस. रात्री उशांना टेकवून बसवायचो आणि पाठीवर तळहात ठेवून श्वास मोजायचो. 'बाबा, किती झाले?' तू विचारायचीस. मी नेहमी चार-पाच कमी करून सांगायचो. तेवढ्यावर तू झोपायचीस. मी मोजत बसायचो. त्याच खिडकीतून तू पहिल्यांदा विचारलंस, सगळ्यात आधीचा तारा कुठला? मला काही सांगता आलं नव्हतं.

जा, बघून ये. वर पोचलीस की बोटाला ऑक्सिमीटर लाव आणि आकडा कळव. खरा कळव, मी सांगायचो तसा नको.

तुझा,
बाबा