बाविसाव्या वर्षी "कारकीर्द संपुष्टात"?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

परवा आपल्या जिल्हा पुरवणीत एका कबड्डीपटू पोराची बातमी आली होती, गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि वर हेडिंग "कारकीर्द संपुष्टात". पोराचं वय २२. नाव मी घालत नाही, आधीच ते घरातनं बाहेर पडंना झालंय. पण बाविसाव्या वर्षी संपली हे ठरवलं कोणी? डॉक्टर तर ऑपरेशन करू म्हणाले आहेत असं बातमीतच खाली लिहिलंय, मग संपवली ती आपण बाकीच्यांनीच ना, गावानं, मंडळानं, आणि राग मानू नका पण तुमच्या हेडिंगनं पण थोडी.

माझा एक पुतण्या कॅनडात विनिपेगला असतो, थंडीत उणे तीसपर्यंत जातं म्हणे तिथं, त्याच्यामुळं मला आईस हॉकी बघायचा नाद लागला, रात्री जेवण झालं की मोबाईलवर जुन्या मॅचेसचे तुकडे बघत बसतो आणि घरातले डोक्याला हात लावतात. त्यात एक गडी सापडला, तेमू सेलाने, फिनलंडचा, गाव हेलसिंकी. आता हेलसिंकी म्हणलं की आमच्या कराड भागातल्या माणसाला एकच गोष्ट माहीत, १९५२ ला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तिथनं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सेलाने त्याच गावात १९७० ला जन्मला. म्हणून जरा जास्तच आपला वाटला असंल, असो.

तर याची कारकीर्द सांगतो, कारण तुमच्या त्या हेडिंगच्या हिशोबानं ती तीन-चार वेळा तरी संपली असती.

१९८८ ला, वय १८, विनिपेग जेट्स टीमनी त्याला एनएचएलच्या ड्राफ्टमधे दहाव्या नंबरला उचलला. एनएचएल म्हणजे तिकडची आईस हॉकीची सगळ्यात मोठी लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे टीमा पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात तो. आपल्याकडं असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी गावात डिजिटल बोर्ड आणि तिसऱ्या दिवशी विमान. हा गेलाच नाही. पुढची चार वर्षं हेलसिंकीतच योकेरित क्लबकडनं खेळला, त्यात एकदा पाय मोडला तो बरा केला, तिथं सक्तीची असते ती लष्करातली सेवा केली, आणि हे मला फार आवडलं, बालवाडीत मास्तरकी केली. एवढा मोठा खेळाडू, आणि चार-पाच वर्षाच्या पोरांची नाकं पुसत होता! मग १९९२ ला गेला आणि पहिल्याच सीझनला ७६ गोल मारले. नवख्या खेळाडूचा आधीचा रेकॉर्ड होता ५३, माईक बॉसीचा. तो मोडला त्या क्षणाचा व्हिडिओ जरूर बघा, गोल झाल्या झाल्या पठ्ठ्यानं हातातला ग्लव्ह हवेत उंच फेकला आणि स्टिकची बंदूक करून उडत्या पाखरावर नेम धरावा तसा त्याच्यावर धरला. ते ७६ अजून कोणाला मोडता आलेले नाहीत.

आणि लगेच पुढच्या सीझनला पायाची टाचेवरची नस कापली गेली. अकिलीस टेंडन म्हणतात ती. निम्म्याच्या आसपास सीझन गेला. परत आला, १९९६ ला विनिपेगनी त्याला अनाहाइमला देऊन टाकला, तिथं १९९८-९९ ला लीगमधे सगळ्यात जास्त गोल याचेच. मग सॅन होजे, मग कोलोरॅडो, आणि तिथं गुडघ्यानं पार वाट लावली. २००३-०४ ला ७८ मॅचमधे १६ गोल. एकेकाळी ७६ मारणारा माणूस! वय ३३. सगळे म्हणत होते की आता गेला हा, आणि आकडे बघितले तर कोणीही तेच म्हणलं असतं.

इथं जरा थांबून बघा काय झालं ते. २००४-०५ ला मालक आणि खेळाडूंचं पगाराच्या मर्यादेवरनं भांडण झालं आणि लीगचा अख्खा सीझन रद्द. बाकीच्यांसाठी ते वाईट वर्ष, पण यानं गुडघ्याचं मोठं ऑपरेशन करून घेतलं आणि सगळं वर्ष एकही मॅच न खेळता फक्त गुडघ्याला दिलं. मग अनाहाइमला परत, एकाच वर्षाच्या करारावर, पहिल्यापेक्षा बऱ्याच कमी पैशात. त्या वर्षी ४० गोल. पुढच्या वर्षी ४८, आणि जून २००७ ला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, वय ३६, कप हातात घेऊन लहान पोरासारखा रडला. पुढं ४० वर्षाचा असताना एका सीझनला ३१ गोल आहेत त्याचे.

आता आपल्याकडं काय होतं ते मी जवळनं बघितलंय, मी स्वतः तालुक्याला कबड्डी खेळलोय आणि आता संध्याकाळी पोरं घेतो मैदानावर. पोर चढाईला जातं, बोनस मारताना गुडघा आत वळतो, कट् असा आवाज येतो, कधी कधी लायनीवर उभ्या माणसाला पण ऐकू येतो तो. गुडघा टम्म फुगतो. मग कोणीतरी ओढून बसवतं, आंबेहळद लावतात, पट्टी बांधतात, आणि आठ दिवसात तालुक्याची मॅच असली की तीच पट्टी आवळून परत उतरवतात. तिथं खरा सत्यानाश होतो. पुढं ऑपरेशन झालंच तर दोन-चार लाखाच्या गोष्टी, ते कसंतरी कर्जबिर्ज काढून बाप करतो पण, पण नंतरचे सहा-नऊ महिने कोण बघणार? ऑपरेशननंतरचा व्यायाम म्हणजे किती साधा असतो, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडी आवळून ती खाली दाबायची, मनात दहा आकडे, सोडायची, परत. दिवसातनं कितीतरी वेळा. मशीन नको, काही नको. पण ते बरोबर होतंय का, आता पुढचं कधी चालू करायचं, पळायचं कधी, हे सांगायला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे फिजिओ, तो आपल्या पोरांना परवडत नाही किंवा त्याची गरज आहे हेच घरात कोणाला माहीत नसतं. पोरगं कंटाळतं, मांडी वाळते, मग लोक म्हणतात संपला.

कोणी म्हणेल सेलानेकडं पैसा होता, मोठे सर्जन होते. होतेच, नाही कोण म्हणतंय. पण फिनलंड काही अमेरिका नाही हो, सगळा देश मिळून ५५-५६ लाख माणूस, म्हणजे २०११ च्या जनगणनेचा आपला सातारा आणि शेजारची सांगली एकत्र केली तरी त्याच्यापेक्षा थोडी जास्तच भरते. आणि आपल्याकडं काय पोरं कमी आहेत का, माणच्या मोहीची ललिता बाबर ऑलिंपिकला स्टीपलचेसची फायनल पळाली, फलटण तालुक्यातला प्रवीण जाधव टोकियोला धनुष्य घेऊन गेला, साताऱ्याची अदिती स्वामी १७ वर्षाची असताना वर्ल्ड चॅम्पियन झाली. अडतं ते दुसरीकडं, पोर पडल्यावर. आणि घाईत पण. शालेय स्पर्धा १४, १७, १९ वयाच्या आतल्या, त्यात एकदा राज्याला खेळलं की क्रीडा गुण, पुढं नोकरीतला पाच टक्के कोटा, त्यामुळं आईबापांना पण वाटतं एकोणिसच्या आत जे काय ते झालं पाहिजे, आणि मग तुटक्या गुडघ्यावर पोर उतरवलं जातं. आईबापांना मी दोष देत नाही, नोकरी कोणाला नको आहे.

सेलानेच्या कारकिर्दीचा शेवट पण सांगून टाकतो. २०१३-१४ हा शेवटचा सीझन, ६४ मॅचमधे ९च गोल, टीममधे खेळायला वेळ पण कमी मिळायला लागला होता. आणि त्याच फेब्रुवारीत सोची ऑलिंपिकला, त्याचं सहावं ऑलिंपिक, ब्राँझच्या मॅचमधे फिनलंडनी अमेरिकेला ५-० हरवलं, त्यातले दोन याचे, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू पण हाच, वय ४३. एनएचएलमधले एकूण गोल ६८४. हे सगळेच करू शकतात असं नाही, तो वेगळाच माणूस होता, पण ३३ ला संपला म्हणून सोडून दिला असता तर यातलं निम्मं बघायला पण मिळालं नसतं.

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. एक तुमच्याकडं, मागच्या काही वर्षात आपल्या पुरवणीत ज्या जखमी पोरापोरींच्या बातम्या आल्या ते सध्या काय करतात, कोणी परत उतरलं का, उतरले नाहीत तर कशामुळं, हे तुमच्या वार्ताहरांनी एकदा फिरून छापावं. दुसरं क्रीडा खात्याकडं, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातनं दोन संध्याकाळी तरी फिजिओ बसवा, मोफत. फार काही लागत नाही त्याला, एक खोली, एक बाकडं आणि वेळेवर येणारा माणूस. खोलीची सोय आमच्या मैदानाजवळ होऊ शकते, ती मी बघतो, बाकीचं त्यांनी बघावं.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
कराड, जि. सातारा